खाडीकाठची उन्हाळी शाळा

जुलै उजाडला की आमची कुसैसची बिल्डिंग अर्धी रिकामी होते. शाळांना सुट्टी, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि ज्यांनी मार्च-एप्रिलमध्येच तिकिटं काढून ठेवली ते सगळे गावी. मागे उरतात माझ्यासारखे, ज्यांचं प्रोजेक्ट नेमकं ऑगस्टमध्ये लाइव्ह जायचं असतं आणि ज्यांची रजा साहेबांच्या 'बघू या'मध्ये अडकलेली असते. गेल्या वर्षी मी या दुसऱ्या गटात होतो. त्यामुळे बायको आणि दहा वर्षांची लेक दोघीही चिपळूणला न जाता इथेच राहिल्या होत्या, आणि दोघींचाही माझ्यावर थोडा थोडा राग होता.

लेकीला शाळेतून सुट्टीचा अभ्यास आला होता. विषय 'माझा परिसर : काल आणि आज'. एका संध्याकाळी तिनं वही आणून दाखवली. 'काल'च्या रकान्यात एकच ओळ : पूर्वी इथे काही नव्हतं, फक्त वाळू होती. 'आज'च्या रकान्यात मात्र बुर्ज खलिफा, मेट्रो, मॉल, सगळं रंगीत चित्रांसकट.

"अगं, एवढंच?" मी विचारलं.

"तूच तर सांगितलंस," ती म्हणाली. "आजी आली होती तेव्हा. गाडीत."

खरंच होतं ते. अकरा वर्षांत भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला शेख झायेद रोडवरून नेताना मी हेच वाक्य ऐकवत आलो होतो. "पन्नास वर्षांपूर्वी इथे काही नव्हतं हो!" पाहुणे "काय सांगतोस!" म्हणायचे आणि मला उगाचच सगळं मीच बांधल्यासारखं वाटायचं. आता तेच वाक्य लेकीच्या अक्षरात समोर आलं, तेव्हा कुठेतरी टोचलं. ही मुलगी इथेच जन्मली. तिच्या गावाचा इतिहास म्हणजे एक ओळ, आणि ती सुद्धा बापाची थाप!

नेमकं त्याच आठवड्यात ऑफिसमध्ये माझ्या शेजारी बसणारा आयरिश सहकारी रजेवर निघाला. कुठे, म्हटलं. तर म्हणे, गावी, समर स्कूलला. चाळिशी उलटलेला माणूस उन्हाळ्यात कुठल्या शाळेत जातो? मग त्यानं कॉफी पिता पिता सांगितलं. त्याचं गाव लहान, शेतीवाडीचं. उन्हाळ्यात तीन-चार दिवस गावच्या हॉलमध्ये सगळे जमतात. कुणी प्राध्यापक जुन्या जमीनदारीवर बोलतो, तर कुणी म्हातारा शेतकरी उभा राहून प्रत्येक शेताचं नाव आणि ते का पडलं ते सांगतो. दुपारी सगळी मिरवणूक चालत जुन्या दफनभूमीत. लोक घरातले फोटो, पत्रं, पावत्या घेऊन येतात. त्यांच्याकडे अशा उन्हाळी शाळा बऱ्याच ठिकाणी भरतात. डोनेगल परगण्यातल्या ग्लेंटीज नावाच्या छोट्या गावात तिथल्याच एका लेखकाच्या नावाने १९८१ पासून भरते आहे.

त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जाईना. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांतल्या मोठ्या मुलांना एक काम दिलं होतं : घरी जा, आजी-आजोबांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. जुने उपाय, भुताच्या गोष्टी, दुष्काळाच्या आठवणी, खेळ, विहिरींची नावं, काहीही. सुमारे पाच हजार शाळांनी भाग घेतला. त्यातून जमलेली पानं आज सात लाखांच्या वर आहेत आणि आता ती संगणकावर कुणालाही वाचता येतात. सहकाऱ्याच्या आजीनं बारा वर्षांची असताना लिहिलेलं पान त्यानं मला मोबाइलवर दाखवलं. गोल गोल अक्षर, वर शाळेचं नाव, खाली कुणी सांगितलं त्याचं नाव आणि वय.

आता उन्हाळ्यात व्याख्यानं ऐकणं आपल्याला काही नवं नाही. पुण्यात वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगाव पायपीट करत हिंडले, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण हे सगळं तिकडे, पुण्यात, साताऱ्यात. इथे दुबईत कुठला इतिहास आणि कुठली कागदपत्रं?

तरी मी आमच्या बिल्डिंगच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं : 'सुट्टीत मुलांसाठी चार शनिवार इतिहासशाळा. विषय दुबई. कोण कोण?' दोन तास शांतता. मग एक अंगठा. मग एका मित्राचा फोन.

"अरे, इतिहासच शिकवायचा तर महाराजांचा शिकव ना पोरांना. इथल्या इतिहासाशी आपला काय संबंध? आपण इथे भाडेकरू. व्हिसा संपला की चाललो. भाडेकरू कधी घराचा इतिहास लिहितो का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मी स्वतः अकरा वर्षं तसंच समजून राहत होतो. भिंतीला खिळा ठोकायचा तरी घरमालकाचं डिपॉझिट आठवतं आम्हाला! शेवटी पाच घरं तयार झाली, सात मुलं. शिवाय एका घरी चिपळूणहून आलेल्या आजी होत्या, त्या म्हणाल्या मीही येते, घरात एसीनं गुडघे धरतात. नियम दोनच ठरवले. प्रत्येकाकडे एक वही, आणि प्रत्येक शनिवारी 'इथलं' काहीतरी पाहून त्याचा 'तिकडे' जाणारा धागा शोधायचा.

पहिला शनिवार. सकाळी साडेसातलाच बर दुबईच्या खाडीवर पोहोचलो, कारण नऊनंतर मुलं उन्हात वितळली असती. एक दिरहॅम देऊन अब्रात, म्हणजे त्या लाकडी होडीत, बसून पलीकडे देराला गेलो आणि तसेच परत आलो. मग अल फहिदी किल्ला बाहेरून पाहिला. साधारण १७८७ मधला, दुबईत अजून उभी असलेली सगळ्यात जुनी इमारत. "म्हणजे महादजी शिंद्यांच्या वेळचा," आजी हिशेब करून म्हणाल्या. मुलांनी लगेच वहीत लिहिलं. 'फक्त वाळू होती' हे वाक्य पहिल्या तासातच गेलं!

किल्ल्याजवळच अल फहिदीची जुनी वस्ती आहे, बस्तकिया म्हणून लोक ओळखतात ती. समुद्रातल्या प्रवाळाचे दगड, जिप्समचा गिलावा आणि डोक्यावर चौकोनी वाराबुरूज, इथल्या भाषेत बारजील. चारही बाजूंनी उघडा असलेला हा बुरूज उंचावरचा वारा पकडतो आणि खाली खोलीत सोडतो. वीज नव्हती त्या काळातला एसी म्हणा ना. मुलं एकेक करून बुरुजाखाली उभी राहिली. "येतंय, येतंय!" असा आरडाओरडा झाला. मला वाटतं थोडा वारा होता, थोडी हौस होती.

पण वस्तीची खरी गोष्ट वेगळीच आहे. ही घरं बांधणारे व्यापारी मूळचे इथले नव्हतेच. समोरच्या इराणच्या किनाऱ्यावर लिंगेह नावाचं बंदर आहे आणि त्याच्या मागे बस्तक नावाचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला तिकडे जकात आणि कर वाढले, इकडे दुबईच्या शेखांनी परदेशी व्यापाऱ्यांना करात सूट दिली. झालं, व्यापारी खाडी बघून इकडे आले. आधी धंद्यापुरते, मग बायकामुलांसकट.

आमच्यातला एक आठ वर्षांचा पठ्ठ्या म्हणाला, "म्हणजे ते पण टॅक्स फ्री म्हणून आले? बाबांसारखे?"

सगळे आईबाप हसले, पण मी मनात म्हटलं, बरोबर पकडलंस. गावाचं नाव वस्तीला देऊन बसलेले ते त्या काळातले एनआरआयच. आणि १९८० च्या दशकात ही वस्ती पाडायचं ठरत होतं, तेव्हा ती वाचावी म्हणून धडपडला तो इथे राहणारा एक ब्रिटिश वास्तुविशारद, रेनर ऑटर. तो सुद्धा बाहेरूनच आलेला. भाडेकरूच.

दुसऱ्या शनिवारी उन्हाला शरण जाऊन अल शिंदगा म्युझियममध्ये गेलो. विषय मोती. तेल सापडायच्या आधी या किनाऱ्याचं पोट मोत्यांवर चालायचं. आणि मोत्यांचा मोठा हंगाम कुठला, तर साधारण जून ते सप्टेंबर. म्हणजे आपली मुलं एसीत बसून 'कंटाळा आला' म्हणतात तेच चार महिने, इथले पुरुष समुद्रावर असायचे. पाणबुड्याच्या नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात टोपली, बोटांना कातड्याची टोपणं. दगडाच्या वजनानं तो तळाशी जायचा, श्वास टिकेल तोवर शिंपले गोळा करायचा आणि दोरीला हिसका दिला की वरचा माणूस त्याला ओढून घ्यायचा. असं दिवसातून कितीतरी वेळा. शिवाय हंगामाआधी घेतलेली उचल मोत्यांतून फिटली नाही, तर कर्ज पुढच्या वर्षावर.

"वरचा माणूस झोपला तर?" एका मुलीनं विचारलं.

यावर गाइड मॅडम सुद्धा क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, म्हणूनच दोरी फार विश्वासाच्या माणसाच्या हातात द्यायचे.

आता धागा. हे मोती जायचे कुठे? मुंबईला. आखातातले व्यापारी हंगाम संपला की मोत्यांच्या पुड्या घेऊन मुंबईची वाट धरायचे. तिथे मोती पारखले जायचे, त्यांना भोकं पाडायची, आकार-रंगाप्रमाणे जुळवणी व्हायची आणि मग ते पॅरिस-लंडनला. येताना हेच व्यापारी तांदूळ, कापड, मसाले, लाकूड भरून आणायचे. काहींची मुंबईत घरं होती, महिनोन्महिने मुक्काम असायचा. म्हणजे आपण इथे नोकरीला येण्याच्या कितीतरी आधी ही मंडळी आपल्याकडे पोटासाठी येत होती! मग जपानी लोकांनी शिंपल्यात मोती 'पिकवायला' सुरुवात केली, त्यात १९२९ ची जागतिक मंदी आली आणि बघता बघता हा धंदा बसला.

मोत्याच्या बोटीच्या कप्तानाला अरबीत म्हणतात नोखदा, मूळ फारसीतला नाखुदा. हे ऐकल्यावर आजी एकदम सावरून बसल्या. "अगो बाई, आपला नाखवा!" दाभोळच्या खाडीत होडी हाकणारा नाखवा आणि दुबईच्या खाडीतला नोखदा एकाच घरातले. मुलांना हा खेळ फार आवडला. बंदर, दर्या, खलाशी, असे किती शब्द दोन्ही किनाऱ्यांवर चालतात त्याची यादी परतताना मेट्रोत तयार झाली.

तिसरा शनिवार घरातच, आमच्या हॉलमध्ये. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि नोटा आणि तिकिटं दाखवली. दुबईत पहिलं पोस्ट ऑफिस उघडलं १९ ऑगस्ट १९०९ ला आणि ते चालवायचं हिंदुस्थानचं टपाल खातं. त्यामुळे दुबईतून जाणाऱ्या पत्रावर तिकीट आपलं असायचं. फाळणीनंतर काही महिने कारभार पाकिस्तानकडे होता आणि १९४८ पासून ब्रिटिश तिकिटं आली, पण त्यांच्यावर छाप मारलेला असायचा आण्यांचा!

कारण चलन होतं रुपया. हो, इथे आपला रुपया चालायचा. इथून सोनं चोरून भारतात जायचं आणि त्यापायी देशाचं परकीय चलन गळायला लागलं, म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी इंग्रजी झेड अक्षर असे. मग जून १९६६ मध्ये भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं आणि इथल्या लोकांच्या तिजोरीतल्या पैशाची किंमत एका रात्रीत घसरली. तेव्हा दुबईनं रुपया सोडला. आधी काही काळ सौदी रियाल, मग कतार-दुबई रियाल आणि १९७३ पासून दिरहॅम. आपण रोज सकाळी रेमिटन्सचा दर बघतो ना, त्या रुपया-दिरहॅमच्या जोडीचा हा पूर्वेतिहास. मला स्वतःला हे अकरा वर्षांत ठाऊक नव्हतं.

आजींनी विचारलं, "पण इथे हिंदुस्थानचं टपाल, हिंदुस्थानचा रुपया, हे आलं कुठून?"

उत्तर आपल्या शाळेच्या पुस्तकाच्या अगदी पुढच्या पानावर आहे, फक्त ते पान आपण उलटत नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. दुसऱ्याच वर्षी, १८१९ मध्ये, मुंबईहून इंग्रजांचं आरमार निघालं आणि रास अल खैमावर चालून गेलं. १८२० मध्ये इथल्या शेखांशी करार झाला. पुढे १८७३ पर्यंत आखातातला इंग्रजांचा रेसिडेंट मुंबई सरकारच्या हाताखाली काम करायचा. इथल्या किनाऱ्याचे अहवाल मुंबईला जायचे आणि १८५६ मध्ये मुंबई सरकारनं त्यांचा एक जाडजूड खंड छापला सुद्धा. 'कागदपत्रं कुठे आहेत' म्हणून मी चेष्टा केली होती ना? या किनाऱ्याची जुनी कागदपत्रं काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. मुंबईत शिकताना मी त्या इमारतीसमोर चार वर्षं वडापाव खाल्ला होता.

आता चौथा शनिवार, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो.

आमच्या बिल्डिंगमागच्या जुन्या चाळवजा इमारतीत एक गृहस्थ राहायचे. मूळचे खेडजवळच्या गावचे, कोकणी मुसलमान. सगळे त्यांना चाचा म्हणतात. वय सत्तरीपुढे. अनेक वर्षं एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर, नंतर ओळखीच्या दुकानात हिशेब. जुलैअखेर त्यांचा व्हिसा संपत होता आणि ते कायमचे गावी निघाले होते. मी त्यांना म्हटलं, चाचा, मुलांना तुमची गोष्ट सांगा.

"माझा कसला इतिहास? मी आयुष्यभर पेट्या मोजल्या," ते म्हणाले. "राजेरजवाड्यांचा असतो इतिहास."

तरी आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी फोन टेबलावर उभा केला, रेकॉर्डिंग चालू केलं. सुरुवातीला चाचा भाषण केल्यासारखं बोलत होते, शेख झायेद, प्रगती वगैरे. मग एका मुलीनं विचारलं, "चाचा, तुम्ही कुठल्या एअरलाइननं आलात?"

चाचा हसले. "एअरलाइन कुठली गो? बोटीनं आलो. 'द्वारका' बोट. खेडचा मुसलमान पोरगा, द्वारकेत बसून दुबईला आला!"

आणि मग जे सुटले ते सव्वा तास. ब्रिटिश इंडिया कंपनीची 'द्वारका' मुंबई आणि आखाताच्या बंदरांमध्ये १९८२ पर्यंत फिरत होती, त्या मार्गावरची त्या कंपनीची शेवटची बोट. चाचा डेकवर होते. पत्र्याची ट्रंक, आईनं बांधून दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. ती वासानं सगळ्या डेकला कळली आणि तिच्यामुळेच कराची यायच्या आत दहा दोस्त झाले. बोटीवर म्हातारे खलाशी त्या वेळीही 'दारा'ची गोष्ट सांगायचे. याच कंपनीची, याच मार्गावरची बोट. ८ एप्रिल १९६१ ला दुबईजवळ तिच्यावर स्फोट झाला, आग लागली आणि २३८ माणसं गेली. "रात्री डेकवर झोपलो की ते आठवायचं. पण परत कसा जाणार? आईचे दागिने गहाण होते."

देऱ्यात एका खोलीत बारा जण. पलंग सहा. रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला झोपायचा, "चादर थंड व्हायची नाय कधी." खाडी ओलांडायला पंचवीस फिल्स, त्याला सगळे चार आणेच म्हणायचे. आणे गेले तरी जिभेवर राहिले. पत्र लिहिण्यापेक्षा कॅसेट भरायची, कारण आईला वाचता येत नव्हतं. एका बाजूला चाचा बोलायचे, गावाला जाणाऱ्या माणसाबरोबर कॅसेट पाठवायचे आणि दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या बाजूला आईचा आवाज भरून परत यायची.

"काय बोलायची आई?" लेकीनं विचारलं.

"काय नाय. आधी कोंबड्यांना ओरडायची. मग म्हणायची, यंत्र चालू झालं काय?"

मुलं खो खो हसली. मग त्याच पोरीनं, माझ्याच, विचारलं, "आणि तुमची मुलं?"

चाचांनी पाण्याचा ग्लास उचलला, न पिता खाली ठेवला. "थोरल्या मुलीला पहिल्यांदा बघितली तेव्हा ती अडीच वर्षांची होती. मी दारात उभा. ती आत पळाली न आईला बोलली, बाहेर कोण तरी पाहुणा आलाय."

खोलीत कुणीच काही बोललं नाही. सात मुलं खाली मान घालून लिहीत होती.

पुढच्या मंगळवारी चाचा गेले. एअरपोर्टवर सोडायला आम्ही दोन गाड्या भरून गेलो. गुरुवारी रात्री मी ते रेकॉर्डिंग निवांत ऐकायला बसलो, तर साडेसहा मिनिटांत संपलं. फोनमध्ये जागा उरली नव्हती. मी, ज्याला ऑफिसमध्ये बॅकअपचा पगार मिळतो, त्यानं जागा आहे का हेच बघितलं नव्हतं! साडेसहा मिनिटं म्हणजे फक्त ते शेख झायेद आणि प्रगती. 'द्वारका', चटणी, कॅसेट, पाहुणा, काही नाही. चाचांना फोन लावला, पण घरात पन्नास वर्षांची येणीजाणी एकदम आलेली, मागे गलका. म्हणाले, "आता तसं नाय आठवायचं बाबा. ती पोरं समोर होती म्हणून बोललो."

मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. शनिवारी शेवटी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "मग आमच्या वह्या आहेत ना."

पाचवा शनिवार ठरलेला नव्हता, पण भरला. सात वह्या हॉलमध्ये जमिनीवर मांडल्या. प्रत्येकीत वेगळं. एकीत बोटीचं चित्र, एकीत बारा माणसं आणि सहा पलंगांचा नकाशा, त्या आठ वर्षांच्या पठ्ठ्यानं फक्त चटणीबद्दल दीड पान. एका मुलानं लिहिलं होतं चाचा डिसेंबर १९७५ मध्ये आले, दुसरीनं नुसतं 'थंडीत'. कुणाचं बरोबर यावर भांडण. कोडमधली चूक शोधताना आम्ही करतो तेच मुलं करत होती : कुणी काय ऐकलं, कोण जवळ बसलं होतं, दोघांच्या वहीत एकच गोष्ट असेल तर ती पक्की. आणि 'पाहुणा आलाय' हे वाक्य सातही वह्यांत होतं. शब्दन् शब्द सारखं.

मुलांनी मिळून बारा पानांची एक गोष्ट लिहून काढली. वर 'सांगणार : चाचा' आणि खाली लिहिणाऱ्या सगळ्यांची नावं आणि वयं, त्या आयरिश पानासारखी. 'भाडेकरू' म्हणणारा मित्र ती वाचून बराच वेळ गप्प होता. त्याच्या वडिलांनीही काही वर्षं मस्कतमध्ये काढली होती. वडील गेले, कधी विचारलंच नाही, म्हणाला. तेव्हा आजी बोलून गेल्या, "अरे, घराची कुठली भिंत ओल धरते ते मालकापेक्षा भाडेकरूलाच जास्त ठाऊक असतं."

मला आता असं वाटतं की दुबईत इतिहास नाही असं नाही. तो इथल्या म्युझियममध्ये आहे, मुंबईच्या दफ्तरात आहे आणि त्याचा फार मोठा भाग आपल्या आजूबाजूला राहणाऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. फरक एवढाच, की आयर्लंडच्या त्या खेड्यातला म्हातारा पुढच्या उन्हाळ्यातही तिथेच भेटेल. आपल्याकडे म्हातारा झाला की व्हिसा रद्द होतो, ट्रंक भरली जाते आणि चाळीस-पन्नास वर्षं एका मंगळवारच्या विमानानं निघून जातात. तुमच्याही बिल्डिंगमध्ये, मेसमध्ये, मंडळाच्या गणपतीत मागच्या रांगेत बसलेला असा कुणीतरी असेल. त्याच्यासमोर मुलांना बसवा, हातात वही द्या. आणि फोनमध्ये जागा आहे का ते बघा!

ऑगस्टअखेर व्हिडिओ कॉलवर मुलांनी ती बारा पानं चाचांना वाचून दाखवली. मागे त्यांची थोरली लेक उभी होती, आता स्वतःच नातवंडांची आजी होण्याच्या बेतात. 'पाहुणा' आल्यावर तिनं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. तिला ही गोष्ट वडिलांनी कधीच सांगितली नव्हती.

चाचा मात्र उठून आत गेले आणि एक जुना, कडा खाल्लेला पासपोर्ट घेऊन आले. चष्मा लावून शिक्का वाचला.

"ओ पोरी, ते डिसेंबर खोड. जानेवारी १९७६ हाय इथं. मीच चुकीचा बोललो."

लेकीनं लाल पेन घेतलं, डिसेंबर खोडला आणि वर नीट अक्षरात लिहिलं : जानेवारी १९७६, पासपोर्ट पाहून.